काढणी होईपर्यंत

शनिवार-रविवार मी पाहुण्यांना इतिहास सांगते. पगारावर सांगते. पुण्यामुंबईहून माणसं येतात, डोक्यावर गवताच्या टोप्या, हातात मोबाईल, आणि मी त्यांना वायनरीच्या दारात गोळा करते. "या, इकडे सावलीत या. मुळशी तालुक्यातल्या अगदी सुरुवातीच्या द्राक्षबागांपैकी ही एक." मग पाठ झालेलं सगळं येतं. ही बाग लावणारे साहेब परदेशात गेले, तिथल्या बागा बघितल्या, परत येऊन या ओसाड माळावर त्यांनी वेली लावल्या. 'ओसाड' म्हणताना दर वेळी माझी जीभ अडते. तो माळ आमचा होता, त्यावर करवंदाच्या जाळ्या होत्या आणि आमची गुरं चरायची. पण कंपनीनं लिहून दिलंय तेवढंच बोलायचं. पाहुण्यांना त्याचं काय, त्यांचं लक्ष ग्लासाकडे.

आमचं घर या बागेच्या पोटात आहे. मोठं फाटक, मग वायनरीची इमारत, मग वेलींच्या ओळी, ओळींमधून मुरमाचा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला आम्ही. चारी बाजूंनी कंपनीचं कुंपण. पाहुण्यांतल्या बायका विचारतात, "तुम्ही इथेच राहता? किती लकी!" मी म्हणते, हो ना. मनात म्हणते, बाई, राहून बघ एकदा.

हे झालं कसं, तर माझ्या सासऱ्यांमुळे. मी त्यांना मामा म्हणायचे. कोळवणच्या खोऱ्यात ज्याला त्याला जमिनी विकायची घाई झाली होती, तेव्हाची गोष्ट. शहरातले लोक यायचे, बंगला बांधायचे, पोहायचा तलाव खणायचे आणि वर्षातून चार वेळा उगवायचे. मामांना त्यांची चीड होती. "बंगलेवाल्याला तुकडा देनार न्हाई. जो हितं कायतरी पेरंल त्यालाच देईन." आणि असा पेरणारा साहेब त्यांना भेटला. शहरी माणूस, पण गुडघ्यापर्यंत पँट दुमडून चिखलात उतरणारा. मामा खूश. सगळी जमीन दिली, ओढ्याकडचं एक भाताचं खाचर आणि घराभोवतालची जागा तेवढी ठेवली. घराकडे यायची वाट मात्र कागदावर ठेवायची राहिली. आपल्याच रानातून आपल्याच घरी जायला कोणी कधी वाट लिहून घेतलीय का? त्यांच्या डोक्यातच आलं नाही. साहेबांच्याही नाही. पुढे साहेब थकले, त्यांनी कंपनीला विकलं, आणि कंपनीनं फाटक बांधलं. तेव्हापासून माझी बहीण उरवड्याहून भेटायला आली तरी वॉचमन ऑफिसला फोन लावतो. बिचारी पिशवी घेऊन उन्हात उभी. आताशा येतच नाही.

नवऱ्याला मी किती वेळा म्हटलं, चला, पिरंगुटला दोन खोल्या बघू, तुम्हाला कुठल्याही कारखान्यात काम मिळेल. त्यांचं एकच उत्तर. "वडील हायेत तवर न्हाई." तेही वायनरीतच टाक्या धुतात.

इतिहास सांगायचा तर असा आहे. साहेबांनी मामांना विचारलं, तुमच्याकडची सगळ्यात चांगली जमीन कुठली? मामांनी छाती पुढे काढून सांगितलं, ही खालची. चार बांधांची, आंबेमोहर पिकवणारी, पाणी धरून ठेवणारी. भातवाल्याच्या लेखी चांगली जमीन म्हणजे पाणी धरते ती, आणि साहेबांनाही तेव्हा कुठे काय कळत होतं! पहिल्या सगळ्या वेली त्या खाचरांत लावल्या. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ताम्हिणीच्या बाजूनं भरून आलं की चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. वेली पाण्यात उभ्या राहिल्या, मुळ्या कुजल्या, पानांवर डावणीची बुरशी आली आणि गणपतीपर्यंत सगळी बाग काळी पडली. गावातले लोक बघायला यायचे आणि हसायचे. "काय वो, भातावानी द्राक्षाची आवणी केली का काय?" मामा ऐकून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी दोघांनी मिळून माळावर लावल्या, जिथं पाणी थांबतच नाही. तिथं तगल्या.

मग दोघं शिकत गेले. पाऊस संपला की फळाची छाटणी, तिला गोडी छाटणी म्हणतात. उन्हाळ्यात खरड छाटणी. कुठलं औषध कधी मारायचं, घड किती ठेवायचे. मामांना वेलींचा नादच लागला. सासूबाई म्हणायच्या, "मला कवा येवढं बगितलं न्हाई." पहिली वाईन झाली तेव्हा साहेबांनी मामांना ग्लास दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाले, "काढा हाय ह्यो." पण डोळ्यांत पाणी होतं. मी नवी नवरी होते, दारातून बघत होते, आणि मला हसू आवरेना.

आणि मग धुराचं प्रकरण झालं. आमच्याकडे पावसाळ्याआधी राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर वाळलेला पाला, काटक्या, शेण पसरायचं आणि पेटवायचं. माती भाजली की रोप जोमानं येतं. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मामांनी त्या वर्षी जरा लवकरच, आपल्या राहिलेल्या खाचरात, राब पेटवला. वरच्या माळावर काळी द्राक्षं पिकून लोंबत होती. खालून वारं सुटलं, धूर सगळा चढावर गेला आणि संध्याकाळभर वेलींत कोंडून बसला. कोणाला काही वाटलं नाही. राबाचा धूर आम्हाला नेहमीचाच. पण द्राक्षं धूर पितात. साल वरून तुकतुकीत दिसते आणि आतला रस राखेचा होतो. ते कळलं काही महिन्यांनी, टाकी उघडल्यावर. साहेबांनी चाखलं, नवऱ्याला चाखायला दिलं, मग मामांना. विझलेल्या चुलीत तोंड घातल्यासारखं लागत होतं म्हणे. त्या वर्षीची काळ्या द्राक्षांची सगळी वाईन ओढ्यात सोडली. ओढा लाल वाहिला आणि मामा काठावर उभे राहून बघत होते. साहेब त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मामांनी खाचरही साहेबांना देऊन टाकलं आणि धुराचे पोलीस झाले. घडांत रंग भरायला लागला की आमच्या घरी चूल बंद. अंघोळीचं पाणी चुलाण्यावर नाही, गॅसवर. होळीला आम्ही नैवेद्याची पोळी घेऊन फाटकाबाहेर, गावच्या होळीला जायचो, आणि लांबूनच पोळी टाकून परत यायचो. एकदा मी देवापुढं उदबत्ती लावली तर मामांनी येऊन चिमटीत विझवली. मी म्हटलं, "मामा, उदबत्तीनं काय होतंय?" तर म्हणाले, "राबानं काय होतंय, आसंच मला बी वाटलं हुतं." आता या माणसाला काय बोलणार! साहेब गेले, कंपनी आली, तरी त्यांचा पहारा चालूच.

आमच्या घराची आणखी एक रीत आहे. माणूस गेलं की त्याला गावच्या स्मशानात नेत नाहीत, ओढ्याकडच्या बांधावर, करंजाखाली अग्नी देतात. आजेसासरे तिथं, चुलतसासरे तिथं. सासूबाई भर मे महिन्यात गेल्या, बाग नुकतीच छाटलेली, साहेबांचाच काळ, त्यांनाही तिथंच दिला. मामांनी तेव्हाच मला दाखवून ठेवलं होतं. "तिच्या डाव्या अंगाला माजी जागा. ध्यानात ठिव." मी म्हटलं, ठेवीन. एवढीशी गोष्ट, तीत अवघड ते काय, असं वाटलं होतं मला.

या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. छाटणी लांबली, म्हणजे काढणीही लांबली. पांढरी द्राक्षं गेली, काळी लोंबत राहिली. आणि शिवरात्र झाली तसं मामांनी अंथरूण धरलं. आजार असा नाव घेण्याजोगा नाही. पौडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, वय झालंय, घरीच ठेवा. मामांनी भाकरी सोडली, मग भातही नको म्हणाले. एके दिवशी दुपारी मी पाणी पाजत होते तर माझा हात धरला.

"काढनी झाली का?"

"कसली? काळ्यांची अजून नाही मामा."

"मग मला आत्ता मरून चालनार न्हाई."

मी आधी हसले. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. माणूस चेष्टा करत नव्हता. सरणाचा धूर तो. राबापेक्षा कितीतरी मोठा. करंजापासून काळ्या द्राक्षांच्या ओळी हाकेच्या अंतरावर.

"गावच्या घाटावर नेऊ," मी म्हटलं. "तिथं काय वाईट आहे?"

त्यांनी मान फिरवली. मग म्हणाले, "तिच्यापाशीच. पर माल निघाल्यावर."

झालं. आता मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? कंपनीनं अडवलं असतं तर मी फाटकावर जाऊन भांडले असते, मला भांडायला चांगलं येतं. पण हे स्वतःच स्वतःला अडवून बसलेले. नवऱ्याला सांगितलं तर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "त्येंचं त्ये बगतील." म्हणजे बघायचं मीच.

मी त्यांना जगवायला घेतलं. पेज करून चमच्यानं घालायचे. नाही म्हणाले की रागवायचे. "खा, नाहीतर आज रात्रीच जाल, आणि मग कळेल! घाटावर नेतील उचलून!" असं सासऱ्याला बोलतं का कोणी? मी बोलत होते. आणि तेही तोंड उघडायचे, दोन चमचे गिळायचे. त्यांच्या घशाची हाडं वरखाली व्हायची. कधी कधी मला वाटायचं, सोडावं यांना, किती छळायचं. दुसऱ्या क्षणी चमचा पुन्हा भरायचे.

रोज सकाळी बागेचा मॅनेजर ओळींतून फिरायचा. नाशिककडचा पोरगेला माणूस, स्वभावानं चांगला. चार मणी दाबून रस त्या साखर मोजायच्या नळीवर टाकायचा आणि डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचा. गोडी पुरेशी भरल्याशिवाय तोडायचं नाही, असा त्याचा नियम. मी कुंपणाशी उभी राहून विचारायचे, "किती आली?"

"थोडी कमी आहे वहिनी अजून. रात्री गार पडतंय ना, सावकाश चढतेय."

"म्हणजे कधी?"

"बघू. घाई करून चालत नाही. वाईन बिघडते."

दोन-चार दिवस असं झाल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "वहिनी, तुम्हाला खरंच इंटरेस्ट आहे हो! टूर देताना हे पण सांगत जा लोकांना, साखर कशी बघतात ते." मी म्हटलं, सांगेन. माझा सासरा कधी मरू शकतो ते मी विचारतेय, हे त्याला कसं सांगणार? आणि त्या शनिवारी मी खरंच सांगितलं पाहुण्यांना, साखर कशी बघतात ते. टाळ्या वाजवल्या त्यांनी. मी आत जाऊन मोरीत उभी राहून रडले, मग तोंड धुऊन पुढच्या पाहुण्यांना घेऊन आले.

खरं सांगायचं तर नुसतं मामांसाठी रडत नव्हते. "वडील हायेत तवर न्हाई," हे नवऱ्याचं वाक्य डोक्यात फिरत होतं. हे जगले तर मी आत अडकलेली, आणि यांना जगवतेय मीच. चमच्या-चमच्यानं. मला त्यांचा राग यायचा, साखरेचा राग यायचा, त्या थंड रात्रींचा राग यायचा. मामा डोळे मिटून विचारायचे, "आली का गोडी?" आणि मी म्हणायचे, "येतेय मामा, येतेय."

शेवटी एकदाची आली. बायकांच्या टोळ्या कात्र्या घेऊन ओळींत उतरल्या, क्रेट भरले, ट्रॅक्टर फेऱ्या मारत राहिला. शेवटची ट्रॉली वायनरीकडे गेली तशी मी धावत घरात आले. "मामा! निघाला माल! सगळा निघाला!" त्यांनी डोळे उघडले. वाटलं, आता सोडतील. मी खाली बसून त्यांचा हात धरला, नवऱ्याला हाक मारली. आम्ही दोघं बसून राहिलो. मामांनी सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "मग चूल पेटीव की. किती दिस झालं, गॅसवरची भाकर कागदावानी लागती."

मी चूल पेटवली. घरभर धूर झाला, ते खोकले, आणि खोकता खोकता हसले. अर्धी भाकरी खाल्ली दुधात कुस्करून. दुसऱ्या दिवशी उशीला टेकून बसले. आठवड्यानं काठी टेकत दारापर्यंत आले आणि छाटणीला आलेल्या माणसांना ओरडायला लागले, की वेलीची काडी चुकीची ठेवताय म्हणून. नवरा हसत होता. मी हसले, आणि माझं मन मात्र आतून खचलं होतं. इतकं केलं ते जगवण्यासाठी नव्हतं, नीट मरू देण्यासाठी होतं, आणि हा बाबा उठून बसला होता. मला आनंदही झाला होता. दोन्ही खरं आहे, कोणाला पटो न पटो.

आषाढात गेले. पहाटे, झोपेतच. बाहेर पाऊस असा की पागोळ्यांचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं. मी उठून चहा घेऊन आले, त्यांना हलवलं, आणि मला कळलं.

उजाडल्यावर पहिली मी मॅनेजरकडे गेले, डोक्यावर पोतं घेऊन. म्हटलं, आमची रीत आहे, बांधावर अग्नी द्यायचा आहे, तुमच्या हद्दीत येतो. तो लगेच म्हणाला, "द्या की वहिनी. आता वेलींवर काही नाहीच. मी वर बोलतो." पाच मिनिटांत फोन करून आला. "हो म्हणालेत. लाकडं आपल्या शेडमधली कोरडी घ्या." इतकं सोपं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

भावकीतली माणसं जमली, लाकडं घेऊन ओढ्याकडे गेली. मीही मागे गेले, बायांनी जायचं नसतं तरी. करंज पाण्यात उभा होता. बांध दिसतच नव्हता. ओढा आणि खाचर एक झालं होतं, आणि सासूबाईंची जागा, मामांची जागा, सगळं पिंढरीइतक्या गढूळ पाण्याखाली. पाणी धरून ठेवणारी जमीन ती, धरलंच होतं तिनं.

"दगड रचा," मी म्हटलं. "ओटा करा. वरून पत्रा धरा."

त्यांनी केलंही. चार बांबू रोवले, आमच्या मोरीचा पत्रा काढून आणला, दगड टाकले, त्यावर लाकडं रचली. वारं आलं आणि पत्रा एका बाजूनं उचलला. खालून पाणी चढतच होतं. मग वरच्या दोन ओंडक्यांना धक्का लागला, ते सरकले आणि पाण्यावर तरंगत ओढ्याकडे निघाले. पोरं त्यांच्यामागे धावली. नवरा तसाच गुडघाभर पाण्यात उभा राहिला, तोंडावरून पाणी ओघळत होतं, त्यातलं रडणं कुठलं आणि पाऊस कुठला ते कळत नव्हतं.

"आता बास," ते म्हणाले. "गावच्या घाटाव न्हेऊ. तितं शेड हाय."

"न्हाई!" मी ओरडले. मला माझाच आवाज ओळखू आला नाही. "मी त्यांना सांगितलं होतं. मी त्यांना त्यासाठी जगवून ठेवलं होतं!"

एका चुलत दिरानं माझ्या खांद्यावर पोतं सारखं केलं आणि म्हणाला, "वैनी, घरी चला." मार्च महिन्यात ही जमीन कोरडी ठणठणीत होती. काडी लावली असती तर सरण भडकलं असतं. पण तेव्हा मीच त्यांच्या तोंडात पेज घालत होते.

मामांना द्राक्षाच्या ट्रॉलीत ठेवलं, वरून ताडपत्री टाकली. दुसरं वाहन त्या चिखलात चालणार नव्हतं. ट्रॅक्टर वेलींच्या ओळींतून निघाला, वायनरीवरून गेला, फाटकाशी आला. मी फाटकापर्यंत चालत गेले. वॉचमननं काही न विचारता दांडा वर केला आणि टोपी काढली. ट्रॉली बाहेर पडली. मागोमाग पुरुषमाणसं पावसात चालत गेली. बायका घाटावर जात नाहीत, म्हणून मी थांबले. इथून हलायचं नव्हतं त्या माणसाला, आणि त्याला नेलं. मला जायचं होतं, आणि मी फाटकाच्या आतल्या बाजूला उभी होते. दांडा खाली आला.

तेवढ्यात पलीकडून एक मोटार येऊन थांबली. रविवार होता, ते मी विसरूनच गेले होते. काच खाली झाली, आतून एका पोरीनं डोकं बाहेर काढलं. "हॅलो ताई, आज टूर आहे ना? पार्किंग कुठे?" वॉचमन गडबडला, माझ्याकडे बघायला लागला. माझ्या साडीला कमरेपर्यंत चिखल होता.

"सरळ जा, इमारतीच्या मागं डावीकडे," मी म्हणाले. "सावकाश, घसरतंय."

तिनं थँक्यू म्हटलं आणि काच वर घेतली.